पाच रेघा

आमच्या अण्णांना मोजायची खोड होती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरच्या ओळीतली पाने मोजायचे, आणि आईने डोळे वटारले की म्हणायचे, "अगं, हात थांबत नाही." अण्णा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजाच्या पोटातून दोराच्या झोळीत पोती वर यायची, धक्क्यावर उतरायची, आणि अण्णा फळीला चिमट्याने अडकवलेल्या कागदावर झोळीमागे एक रेघ ओढायचे. चार उभ्या रेघा, त्यांना छेदणारी पाचवी तिरकी. झाली एक जुडी. पाळी संपली की जुड्यांवरून झोळ्या मोजायच्या, झोळीतल्या पोत्यांच्या संख्येने गुणायच्या आणि जहाजाच्या माणसाच्या आकड्याशी ताडून पाहायच्या. दोन आकडे जुळले की सह्या. नाही जुळले की भांडण.

अण्णांनी मोजला तो बाहेरून येणारा तांदूळ. आज हे सांगितले तर पोरांना खरे वाटत नाही. आमची आजी रत्नागिरीकडची. ती रंगूनच्या तांदळाच्या गोष्टी सांगायची. कोकणातली कणगी शिमग्यानंतर रिकामी व्हायला लागायची आणि पुढचे दिवस ब्रह्मदेशच्या तांदळावर निघायचे. १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले, तो तांदूळ बंद झाला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. स्वातंत्र्यानंतरही आपण धान्यासाठी बंदराकडेच डोळे लावून बसलेलो होतो. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेशी मोठा धान्य करार झाला: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. भारतातर्फे सही करणारे अन्नमंत्री होते आपल्या मुंबईचेच स. का. पाटील. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा अवघे तीन दिवस झाले होते. अण्णा म्हणायचे, "पाटलांनी एक सही केली, आणि आमच्या रेघा चार वर्षं संपल्या नाहीत."

मी १९८४ मध्ये कामाला लागलो तोवर वारा फिरला होता. मशीद बंदरला तांदूळ परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मी कागदपत्रांच्या टेबलावर चिकटलो. माल बाहेरून आत आला की कस्टमला बिल ऑफ एन्ट्री द्यायची, आतून बाहेर निघाला की शिपिंग बिल. अण्णांच्या काळात तांदळाच्या जहाजामागे बिल ऑफ एन्ट्री लागायची, माझा जन्म शिपिंग बिलात गेला. एका घरात दोन पिढ्यांत कागद उलटा झाला.

पण आयात काही आमच्या टेबलावरून हलली नव्हती. परक्या बंदरात तांदूळ सोडवून घेणाऱ्या आयातदाराला जे जे कागद लागतात ते सगळे पाठवणाऱ्याने करून द्यायचे असतात. दुबईचा शेख किंवा आफ्रिकेतला व्यापारी त्याच्या कस्टमसमोर जी फाईल ठेवणार, ती मशीद बंदरच्या गळक्या माळ्यावर आम्ही बांधायचो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, माल भारतातलाच असल्याचा दाखला, कीड नसल्याचा दाखला, धुरी दिल्याचा दाखला, वजनाचा, प्रतीचा, विम्याचा. आखाती देशात जाणारा माल असेल तर व्यापारी चेंबरचा शिक्का मारून वर वकिलातीचा शिक्का. यातला एक कागद कमी पडला तर तिकडे हजारो गोण्या धक्क्यावर बसून राहणार आणि भाडे चढत राहणार.

हे सगळे टाइपरायटरवर व्हायचे. मूळ प्रत आणि खाली सात कार्बन. आठव्या प्रतीपर्यंत अक्षर पोचायला बोटांत जोर लागायचा. उत्तम प्रती बँकेला, कस्टमला, जहाज कंपनीला. सगळ्यात पुसट ती आठवी, ती आमच्या फाईलला. मूळ प्रतीत एक अक्षर चुकले की खोडरबर घेऊन आठही प्रती खोडायच्या आणि प्रत्येक दुरुस्तीवर छोटी सही करायची. आज हे लिहिताना मी त्या आठव्या प्रतीवरूनच वाचतो आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. काही ठिकाणी अक्षर गेलेले आहे आणि मी ते अंदाजाने भरतो आहे.

कागद रंगावरून ओळखायचा. बिनजकातीच्या मालाचे शिपिंग बिल पांढरे, जकातीच्या मालाचे पिवळे, ड्रॉबॅक, म्हणजे जकातीचा परतावा, मागायचा असेल तर हिरवे. आयातीच्या बाजूला हेच रंग, पण अर्थ वेगळे: पांढरी बिल ऑफ एन्ट्री थेट सोडवायच्या मालाची, पिवळी गोदामात ठेवायच्या, हिरवी गोदामातून काढायच्या. नवा पोरगा हमखास गोंधळायचा. मीही गोंधळलो होतो, आणि बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या पारशी क्लार्कने माझ्या हातातला पिवळा कागद काढून घेऊन म्हटले होते, "डीकरा, तांदूळ बाहेर जाते ने? मग आ सोनाचा कागद कशाला?"

आमची शाळा ती रांग. तिथे दोन-दोन तास उभे राहावे लागे. आधी नोंद, मग तपासणी, मग मंजुरी, मग गोदीत माल उघडून पाहणे, मग 'लेट एक्स्पोर्ट'ची, म्हणजे माल जाऊ द्या अशी, सही. सोबत परकीय चलनाचा जीआर फॉर्म: मूळ प्रत कस्टममार्फत रिझर्व्ह बँकेकडे जाणार, दुसरी आपण एकवीस दिवसांत बँकेत द्यायची, म्हणजे विकलेल्या मालाचे डॉलर खरेच देशात आले की नाही हे दोन बाजूंनी कळणार. हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. पुढे उभा असलेला गुजराती दलाल, मागे उभा असलेला गोव्याचा जहाज कंपनीचा माणूस, बाकावर टेकलेला निवृत्त खलाशी, यांच्या गप्पांतून ते कानावर पडत गेले. त्या खलाशाने मला एका दुपारी सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून समजावले की जहाजात किती टन भरले हे तराजूशिवाय कसे कळते. जहाजाच्या अंगावर पुढे, मध्ये आणि मागे दोन्ही बाजूंना आकडे रंगवलेले असतात. माल चढवण्याआधी पाणी कुठल्या आकड्याला लागते ते सहाही जागी वाचायचे, चढवल्यावर पुन्हा वाचायचे, गोदीच्या पाण्याची घनता मोजायची, जहाजातले इंधन आणि पाणी वजा करायचे. उरते ते तांदळाचे वजन. पंचवीस हजार टनांचे जहाज असे पाण्यावर तोलले जाते हे ऐकून मी लोकल पकडायला विसरलो होतो.

आमच्या टेबलाचे मुख्य म्हणजे काका. सगळे पेढीवाले त्यांना काकाच म्हणत. त्यांचे एक वाक्य ठरलेले: "बँक तांदूळ शिजवून बघत नाही रे, बँक कागद वाचते." लेटर ऑफ क्रेडिटचा सगळा व्यवहार या वाक्यात येतो. आयातदाराची बँक पैसे देते ती कागद अटींप्रमाणे आहेत म्हणून. तांदूळ सोन्यासारखा असेल, पण कागदात खोट असेल तर पैसे अडकले.

हे वाक्य मी दोनदा शिकलो. पहिल्यांदा इंदिरा डॉकमध्ये. बासमतीची तागाची पोती चढत होती आणि हमालांच्या आकड्यांनी काही पोती उसवली. जहाजाचा चीफ ऑफिसर मेट्स रिसीटवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पोचपावतीवर, शेरा लिहायला निघाला की काही पोती फाटलेली आहेत. तो शेरा तसाच बिल ऑफ लेडिंगवर उतरला असता, म्हणजे बिल मळके झाले, आणि मळके बिल बँक घेत नाही. मी कासावीस. काकांनी पिशवीतून दाभण आणि सुतळीचे रीळ काढले, दोन हमालांना हाक मारली आणि धक्क्यावर मांडी घालून बसले. जी शिवण्याजोगी होती ती शिवली, जी नव्हती ती बाजूला काढून शेडमधली शिल्लक पोती चढवायला लावली. पंचावन्न वर्षांचा माणूस, पांढरा सदरा, समोर रशियन की ग्रीक तो ऑफिसर कमरेवर हात ठेवून उभा. शेवटचे पोते शिवून झाल्यावर त्याने पेन खिशात घातले आणि काकांना सिगारेट दिली. काका सिगारेट ओढत नसत. त्या दिवशी ओढली.

दुसऱ्यांदा चूक माझीच. नव्वदच्या दशकाच्या मध्याला बिगर बासमती तांदळाची निर्यात मोकळी झाली आणि अख्खी जहाजे भरून उकडा तांदूळ निघू लागला. एका लेटर ऑफ क्रेडिटमध्ये मालाचे वर्णन एका क्रमाने होते, 'लाँग ग्रेन पारबॉइल्ड', आणि मी इन्व्हॉइसवर 'पारबॉइल्ड लाँग ग्रेन' टाइप केले. तांदूळ तोच, शब्द तेच, क्रम उलटा. बँकेने कागद परत केले. मग टेलेक्स, त्याला उत्तर, आयातदाराची संमती, पुन्हा टेलेक्स. नऊ दिवस गेले. जहाज तोवर पोचून नांगर टाकून उभे. आयातदाराचे जे नुकसान झाले त्यातला वाटा आमच्या शेठनी दिला. मला ओरडले नाहीत, आणि तेच जास्त लागले. त्यानंतर आजतागायत मी कोणतेही वर्णन आधी मोठ्याने वाचतो, मग लिहितो. घरी किराण्याची यादीसुद्धा.

आखाताच्या मालाची तर गंमतच असायची. मुंबईहून जहाज चार-पाच दिवसांत पोचायचे आणि कागद बँकांच्या वाटेने पंधरा दिवसांनी. वऱ्हाड दारात, नवरदेवाचा पत्ता नाही. मग आयातदार बँकेची हमी देऊन माल सोडवायचा आणि मूळ बिल मागाहून जमा करायचा.

आता जुने ते सारे सोने म्हणण्याइतका मी भाबडा नाही. त्या रांगेत उन्हाळ्यात माणसे भोवळ येऊन पडत. एका खिडकीवर, कोणत्या ते सांगत नाही, चहापाण्याशिवाय फाईल हलत नसे. साहेब जागेवर नाहीत, हे वाक्य मी माझ्या मुलांच्या नावांपेक्षा जास्त वेळा ऐकले असेल. धुरी देणारी माणसे ताडपत्रीखाली विषारी वायू सोडायची आणि तोंडाला नुसता रुमाल बांधायची. अण्णांची छाती शेवटी गोदीच्या धुळीनेच धरली.

बदल एका दिवसात आला नाही. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि गोण्या पेट्यांत शिरल्या. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण पंचवीस टन, म्हणजे पन्नास किलोच्या पाचशे गोण्या. दाराला सील, सीलवर नंबर. मोजायचे ते कारखान्यातच. मग संगणक आले, शिपिंग बिलाचे रंग गेले, सगळे कागद पांढरे झाले, आणि पुढे कागदही गेले. २०१३ मध्ये आमच्या धंद्यातल्या 'कस्टम हाउस एजंट'चे नाव बदलून 'कस्टम्स ब्रोकर' झाले. काका असते तर म्हणाले असते, बारसे केले म्हणून बाळाचा रंग बदलत नाही.

माझी भाची आज बेलापूरला हेच काम करते. एकदा तिच्या ऑफिसात गेलो. थंडगार खोली, तिच्यासमोर दोन पडदे. डिजिटल सहीची कळ संगणकाला लावली, शिपिंग बिल कस्टमच्या आइसगेट या संकेतस्थळावर पाठवले, आणि मी पाण्याचा ग्लास खाली ठेवेपर्यंत नंबर आला. दाखले स्कॅन करून ई-संचितवर चढवलेले. आयातीच्या बाजूला तर २०२० पासून न्हावा शेवाच्या बिलाची तपासणी चेन्नईत बसलेला अधिकारी करू शकतो. त्याचा चेहरा तिने कधी पाहिलेला नाही आणि त्याने तिचा. चहापाण्याचा प्रश्नच मिटला. मी म्हटले, "छान आहे गं." ती म्हणाली, "छान काय मामा, सकाळपासून सर्व्हर डाऊन होता." मला हसू आले. साहेब जागेवर नाहीत ते नाहीतच.

पण एक गोष्ट मी पाहिली. त्या खोलीत आठ मुले-मुली होती, आठांच्या कानांत आठ तारा. कोणी कोणाशी बोलत नव्हते, बोलायची गरजच नव्हती. चूक झाली तर पडदा लाल होतो आणि कुठल्या रकान्यात चूक आहे तेही सांगतो. का चूक आहे, हे सांगत नाही. आमच्या रांगेत चूक उशिरा कळायची, पण कळायची ती तिच्या खानदानासकट.

मग २०२३ चा जुलै उजाडला. २० तारखेला, गुरुवारी, केंद्र सरकारने बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगातल्या तांदूळ व्यापारातला सुमारे चाळीस टक्के तांदूळ आपला. आजीला रंगूनची वाट पाहावी लागली होती. आता निम्मी आफ्रिका आपल्या अधिसूचनेची वाट पाहत होती. रात्री साडेदहाला भाचीचा फोन.

"मामा, झोपलात?"

"झोपलो असतो तर उचलला असता का? बोल."

त्यांच्या एका गिऱ्हाइकाचे जहाज काकिनाड्याला नांगरलेले होते. तिथे अशी जहाजे समुद्रात उभी राहतात आणि गोण्या बार्जमधून त्यांच्यापर्यंत नेऊन क्रेनने वर घेतात. चढवणी निम्मीही झालेली नव्हती. अधिसूचनेत सवलत होती: बंदीच्या आधी माल जहाजात चढवायला सुरुवात झालेली असेल तर तो जाऊ द्यायचा. सुरुवात झाली होती, बुधवारीच. पण दाखवायचे कसे? पडद्यावर शिपिंग बिलाची तारीख होती, मंजुरीची वेळ होती. पहिली गोणी जहाजात कधी पडली, हे कुठल्याच रकान्यात नव्हते.

"स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स?"

"ते भरणं संपल्यावर करतात ना मामा."

"मग टॅली शीट मागव. पहिल्या दिवसाची, पहिलं पान. वर फाळक्याचा, म्हणजे जहाजाच्या पोटाच्या तोंडाचा, नंबर आणि सुरुवातीची वेळ लिहिलेली असते. खाली जहाजाच्या माणसाची सही आहे का बघ, ती महत्त्वाची."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "मामा, ते अजून हाताने लिहितात?"

लिहितात. मी तिला मग सगळेच सांगितले: झोळीत गोण्या किती, रेघ कशी ओढतात, दोन्ही बाजूंनी का मोजतात, आकडे जुळले नाहीत तर काय होते. फोन ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते. बायको म्हणाली, "एवढं तर तुम्ही माझ्याशी वर्षभरात बोलत नाही." मी मनात म्हटले, ही बॅलार्ड इस्टेटची रांग होती. फक्त उभे राहावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फोनवर फोटो पाठवला. खाऱ्या हवेने नरम पडलेला कागद, बॉलपेनची निळी शाई, कोपऱ्यावर चहाच्या पेल्याचे वर्तुळ. १९ जुलै, दुपारची वेळ, फाळका नंबर दोन, आणि खाली रेघांच्या जुड्या, ओळीने. तो कागद स्कॅन झाला, त्याला नंबर मिळाला, आणि तो ई-संचितवर जाऊन बसला. त्याच्यासोबत बार्जचे कागद आणि जहाजाच्या एजंटचे पत्रही लागले, एकट्या रेघांनी काही भागले नाही. जहाज अडकले, पत्रव्यवहार झाला, दिवस गेले. पण सुटले.

२०२५ मध्ये बिल ऑफ लेडिंगचा नवा कायदा आला. त्याआधीचा १८५६ चा होता, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्याही एक वर्ष आधीचा. भाचीने मला बातमी पाठवली आणि खाली लिहिले, "मामा, तुमच्या काळातला कायदा गेला."

तिने पाठवलेला तो टॅली शीटचा फोटो मी अजून पुसलेला नाही. परवा फोन चाळताना तो पुन्हा समोर आला, तेव्हा मी तो दोन बोटांनी मोठा केला आणि नकळत जुड्या मोजायला लागलो. तिसऱ्या ओळीतल्या एका जुडीत उभ्या रेघा तीनच होत्या, आणि त्यांवर तिरकी. कदाचित बॉलपेन उमटले नसेल, कदाचित फोटोत पुसट आली असेल. कस्टमने ती पाहिली नाही, बँकेने पाहिली नाही, पडदाही लाल झाला नाही.

अण्णांनी अख्खे जहाज पुन्हा मोजायला लावले असते.